मोटारींचे कारखाने आणि जमीन देणाऱ्याचा वांटा

पुणें जिल्ह्यांत मोटारींच्या धंद्यांत इतके कोटी रुपये नव्यानें गुंतणार, अमुक कंपनीनें सरकाराशीं करार केला, अशा वार्ता वर्तमानपत्रांतून वारंवार येत असतात. त्या वाचून आपल्या भागाची भरभराट होत आहे याचा आनंद कोणास होणार नाहीं ? परंतु या वार्तांत एक गोष्ट बहुधा छापलेली नसते. यंत्रें कोठून येणार, पैसा कोण घालणार, गाड्या किती निघणार, हें सर्व सांगितलेलें असतें. पण ज्या जमिनीवर हा सारा पसारा उभा राहावयाचा ती कोणाची होती, आणि तिच्या धन्यास पुढें काय मिळत राहणार, याविषयीं चकार शब्द नसतो. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, जमीन हें या धंद्यांतील पहिलें भांडवल होय. ती देणारा शेतकरी हा निव्वळ विकणारा नसून भांडवल घालणारा आहे. आणि म्हणून त्यानें सौदा केवळ किंमतीचा न करतां वांट्याचा करावा. हिंजवडी, माण, मारुंजी येथील पुष्कळ शेतकरी या प्रसंगांतून गेले आहेत, आणि मुळशी, मावळ व खेड तालुक्यांतील आमच्या अनेक वाचकांवर तो आज ना उद्यां येणार आहे. म्हणून या प्रश्नाचा शांतपणें विचार करणें अवश्य आहे.

प्रथम हा धंदा कसा वाढला तें पाहूं. महाराष्ट्रांतील यंत्रधंद्याचा पाया शेतकऱ्याच्या नांगरानें घातला असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवीं सायकलींचें दुकान चालवून पुढें कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर तयार केले, आणि 1910 सालीं औंध संस्थानांतील एका उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली. त्या माळाची जागा संस्थानच्या अधिपतींनीं उपलब्ध करून दिली होती. पुढें स्वातंत्र्यानंतर राज्य सरकारनें 1961 सालीं औद्योगिक विकासाचा कायदा केला व 1 ऑगस्ट 1962 रोजीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे ज्यास आपण सर्व लोक एमआयडीसी म्हणतों, तें स्थापन झालें. आकुर्डीस बजाजच्या स्कूटरी व रिक्षा निघूं लागल्या. तेथेंच फिरोदिया यांच्या बजाज टेंपोचा कारखाना 1964 सालीं आला. 1966 पासून पिंपरीस टेल्कोनें, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनें, आपलें ठाणें मांडलें. मुंढव्यास भारत फोर्जमध्यें गाड्यांचे घडीव भाग तयार होऊं लागले. या मोठ्या कारखान्यांच्या आश्रयानें भोसरी, चिंचवड भागांत लहान लहान वर्कशॉपें निघालीं व त्यांत हजारों हातांस काम मिळालें.

पुढची लाट चाकणास आली. जें गांव कांद्याच्या बाजाराकरितां प्रसिद्ध, त्याच्या भोंवतालच्या माळावर 1999 सालीं बजाजचा नवा कारखाना आला. 2009 सालीं फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचा सुमारें 3,800 कोटी रुपयांचा कारखाना सुरू झाला. त्याच सुमारास मर्सिडीज व महिंद्र यांनींही तेथें बस्तान बसविलें. तळेगांवास 2008 सालीं जनरल मोटर्स ही अमेरिकन कंपनी आली.

हिंजवडीची गोष्ट थोडी निराळी आहे. येथें राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान झालें, आणि वरवर पाहणाऱ्यास येथल्या कांचेच्या इमारतींचा मोटारींशीं संबंध दिसत नाहीं. परंतु टाटा टेक्नॉलॉजीज व केपीआयटी या दोन्ही कंपन्यांचीं मुख्य ठिकाणें हिंजवडींतच आहेत. पहिली मोटारींचे आराखडे करिते. दुसरी मोटारींतील लहान लहान संगणकांस चालविणारे आदेश लिहिते. आजच्या गाडींत इंजिन, ब्रेक, बॅटरी यांवर अशा संगणकांचा ताबा असतो. अर्थात् चाकणास गाडीचें शरीर तयार होत असेल तर तिची बुद्धि पुष्कळ अंशीं हिंजवडीच्या शिवारांत तयार होते. ज्या खाचरांतून आंबेमोहोराचा वास येत असे त्याच जागीं जगभरच्या मोटारींचें डोकें घडत आहे, ही गोष्ट अभिमानाची खरीच.

या धंद्यापासून शेतकऱ्याचा फायदा झाला नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. दूध, पालेभाजी, फुलें यांस दारांत गिऱ्हाईक मिळालें. रस्ते आले, वीज आली. बजाज टेंपोच्या तीनचाकीनें माळव्याच्या टोपल्या मंडईस नेल्या, त्या इतक्या कीं माल वाहणाऱ्या प्रत्येक लहान गाडीस लोक टेंपोच म्हणूं लागले. 2005 सालीं निघालेली टाटांची एस गाडी तर छोटा हत्ती या नांवानें गांवोगांव ओळखली जाते. उलटपक्षीं, या धंद्यासही शेतकऱ्यावांचून गति नाहीं. पाऊस चांगला झाला व पिकास भाव मिळाला म्हणजे मोटारसायकली व ट्रॅक्टर यांचा खप वाढतो, आणि अवर्षणांत तो बसतो, हें या धंद्यांतील प्रत्येक माणूस जाणतो. तात्पर्य, शेतकरी या धंद्याचें गिऱ्हाईक आहे, त्याचा मजूर आहे, आणि त्याचा पहिला भांडवलदारही आहे. यांपैकीं पहिल्या दोन नात्यांचा हिशोब सर्वत्र होतो. तिसऱ्याचा मात्र कोठेंच होत नाहीं.

आतां त्या तिसऱ्या नात्याचा हिशोब मांडून पाहूं. मोटारीच्या कारखान्यांत पैसा घालणाऱ्या भागधारकास दरवर्षीं नफ्यांतून लाभांश मिळतो व भागाची किंमत वाढली तर ती वाढ त्याचीच असते. कर्ज देणाऱ्या बँकेस व्याज मिळतें व मुद्दल सुरक्षित राहतें. सरकारास कर मिळतो. खुद्द महामंडळ कारखानदारास जमीन देतें ती देखील कायमची देत नाहीं. 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यानें देतें, आणि तो भूखंड दुसऱ्याच्या नांवें करावयाचा झाल्यास हस्तांतरणाचें शुल्क घेतें. म्हणजे या व्यवहारांत प्रत्येकाचा धागा कोठें ना कोठें जमिनीशीं किंवा धंद्याशीं बांधलेला राहतो. फक्त मूळ खातेदाराचा धागा निवाड्याच्या दिवशीं तुटतो. त्याच्या सातबारावरील नांव कमी होऊन महामंडळाचें लागलें कीं त्याचा संबंध संपला. ज्यानें सर्वांत जुनें भांडवल घातलें त्यासच एकदां पैसे देऊन वाटेस लावण्यांत येतें, ही रीत आम्हांस न्यायाची वाटत नाहीं.

तळेगांवचें उदाहरण ताजें आहे. जनरल मोटर्सनें 2017 सालीं हिंदुस्थानांतील विक्री बंद केली व 2020 च्या अखेरीस तळेगांवचा कारखानाही थांबविला. हजाराहून अधिक कामगारांच्या पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला व तो तंटा न्यायालयापर्यंत गेला. पुढें एका चिनी कंपनीशीं बोलणीं झालीं, तीं फिसकटलीं. शेवटीं 2023 सालीं ह्युंदाई या कोरियन कंपनीनें कारखाना घेण्याचा करार केला, आणि 2025 सालीं तेथून पुन्हां गाड्या बाहेर पडूं लागल्या. कारखाना पुन्हां चालू झाला ही आनंदाचीच गोष्ट. परंतु शेतकऱ्यानें यांत पाहण्यासारखें एक आहे. चार वर्षांहून अधिक काळ तेथें एक गाडी निघाली नाहीं, तरी जागेची किंमत नाहींशी झाली नाहीं. यंत्रांबरोबर तीही नव्या मालकाच्या हिशोबांत आली. कंपन्या येतात व जातात, गाड्यांचे नमुने बदलतात, जमीन मात्र आपलें मोल राखून असते. आणि नेमकी ती राखणारी वस्तूच आपण एका रकमेवर सोडून देतों.

बंगालांतील सिंगूरची हकीकतही येथें लक्षांत घेण्याजोगी आहे. टाटांच्या नॅनो गाडीकरितां तेथें सुमारें एक हजार एकर जमीन घेण्यांत आली. तंटा वाढून 2008 सालीं टाटांनीं कारखाना गुजरातेंत साणंद येथें नेला. 2016 सालीं सर्वोच्च न्यायालयानें जमीन शेतकऱ्यांस परत देण्याचा हुकूम केला. मधलीं इतकीं वर्षें त्या शेतकऱ्यांस ना धड पीक, ना धड कारखाना. म्हणून नुसता विरोध हाही उपाय नव्हे. आमच्या मुळशीनें तर ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीं अनुभविली आहे. 1921 सालीं टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं मावळ्यांनीं सत्याग्रह केला, तुरुंग भोगले. तरी धरण झालें, गांवें पाण्याखालीं गेलीं, आणि वीज मुंबईस गेली. त्या सत्याग्रहाचें नांव इतिहासांत राहिलें. परंतु धरणाच्या उत्पन्नांत त्या मावळ्यांच्या नातवंडांचा वांटा राहिला नाहीं.

यावर कोणी म्हणेल, आतां मोबदला भरपूर मिळतो, मग तक्रार कशाची ? कायदा हळूहळू शेतकऱ्याच्या बाजूस झुकला आहे हें खरें. 1894 च्या भूसंपादन कायद्यांत दिलासा रक्कम प्रथम शेंकडा 15 होती, 1984 सालीं ती 30 झाली, आणि 2013 च्या नव्या कायद्यानें ती शेंकडा 100 केली. परंतु रक्कम मोठी असणें व ती टिकणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. संयुक्त मोजणीचे कागद, हरकतींचे अर्ज, निवाड्याच्या याद्या लिहिण्यांत आमचीं वर्षें गेलीं. एका गांवीं दोघां भावांस सारख्याच क्षेत्राचा सारखाच मोबदला मिळाला. थोरल्यानें त्यांतून शेजारच्या तालुक्यांत तीन एकर बागाईत घेतली आणि संपादनाबाहेर राहिलेल्या रस्त्याकडेच्या दहा गुंठ्यांत कामगारांकरितां खोल्या बांधल्या. धाकटा उधळ्या नव्हता कीं व्यसनी नव्हता. त्यानें सोसायटीचें कर्ज फेडलें, मुलीचें लग्न केलें, जुन्या घराच्या जागीं मजल्याचें घर बांधलें, आणि उरलेल्या रकमेंतून एक चारचाकी घेतली. एकेक खर्च पाहिला तर प्रत्येक योग्यच होता. परंतु त्यांतील एकही खर्च उत्पन्न देणारा नव्हता. दहा वर्षांनीं थोरल्याच्या घरीं खोल्यांचें भाडें व बागाइतीचें पीक येत होतें. धाकटा त्याच शिवारांतील एका कारखान्याच्या फाटकावर कंत्राटदाराचा पहारेकरी होता. दोघांस पैसा सारखाच मिळाला. एकानें त्यास भांडवल मानलें, दुसऱ्यानें मिळकत संपवून आलेली रोकड मानली, एवढाच काय तो भेद.

जे लोक संपादनाची वाट न पाहतां दलालाच्या सांगण्यावरून सर्वच्या सर्व जमीन खाजगी खरेदीखतानें देऊन टाकतात, त्यांच्याकरितां आणखी एक इशारा आहे. 1948 च्या कूळकायद्याप्रमाणें आपल्या राज्यांत शेतकरी नसलेल्या इसमास परवानगीवांचून शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. शेवटचा गुंठा विकून मोकळा झालेला खातेदार उद्यां पैसा हातीं असूनही दुसरीकडे जमीन घेऊं गेला तर त्याची हीच अडचण होते. कागदोपत्रीं शेतकरी म्हणून राहणें ही देखील एक मिळकत आहे. ती नकळत घालवूं नये.

दुसरा आक्षेप नोकरीचा. कारखाना आला कीं मुलांस नोकऱ्या लागतील, तोच आमचा वांटा, असें पुष्कळांस वाटतें. परंतु हिशोब करून पाहावा. 2024 सालीं टोयोटा किर्लोस्कर कंपनीनें छत्रपति संभाजीनगराजवळ बिडकीन येथें कारखाना काढण्याचा करार सरकाराशीं केला. जाहीर झालेले आंकडे असे : गुंतवणूक सुमारें 20,000 कोटी रुपये व नोकऱ्या सुमारें 8,000. भागाकार केला तर एका नोकरीमागें अडीच कोटी रुपयांचें भांडवल पडतें. याचा अर्थ उघड आहे. आजचा मोटारीचा कारखाना मुख्यतः यंत्रांनीं चालतो. जेथें पूर्वीं जोडकाम करणाऱ्या वेल्डरांची रांग असे तेथें यंत्राचे हात काम करितात. कोट्यवधींचा आंकडा वाचून आपल्या गांवच्या प्रत्येक घरांतील मुलगा कामास लागेल अशी आशा धरणें व्यर्थ होय.

स्थानिकांस प्राधान्याविषयींही गैरसमज आहे. राज्य सरकारचें धोरण उद्योगांत शेंकडा 80 जागा स्थानिकांस देण्याचें आहे खरें. पण त्या धोरणांतील स्थानिक म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी, ज्याची जमीन गेली त्या गांवचा रहिवासी नव्हे. नांदेडचा कुशल मुलगा व माणचा अकुशल मुलगा यांत कारखानदार नांदेडच्यास घेईल, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. शिवाय कामाचें स्वरूपही बदलत आहे. 1972 सालीं निघालेली चेतक स्कूटर 2020 सालीं पुन्हां निघाली ती विजेवर चालणारी होऊन. विजेच्या गाडीस पिस्टन नाहीं, कार्ब्युरेटर नाहीं, सायलेन्सर नाहीं. जीं लहान वर्कशॉपें हे भाग करून पोट भरीत होतीं त्यांस नवें काम शोधावें लागणार, आणि बॅटरी, मोटर व विजेचीं मंडलें जाणणाऱ्यास मागणी येणार. तेव्हां नोकरी हा वांटा नव्हे. हुन्नर असेल तर मिळणारी ती मजुरी आहे. जमिनीच्या बदल्यांत मजुरीचें आश्वासन घेणें म्हणजे बैल देऊन कासरा घेण्यासारखें आहे.

मग वांटा म्हणजे काय, व तो मिळाल्याचीं उदाहरणें आहेत काय ? आहेत. नवी मुंबईच्या शेतकऱ्यांनीं दि. बा. पाटील यांच्या पुढारीपणाखालीं मोठा लढा दिला. 1984 च्या जानेवारींत त्यांत पांच जणांचे प्राण गेले. त्यांतून पुढें संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांस परत देण्याची योजना निघाली. दुसरें उदाहरण पुण्याजवळ हडपसरचें. तेथें सतीश मगर यांच्या पुढाकारानें सुमारें सव्वाशें शेतकरी कुटुंबांनीं सुमारें चारशें एकर जमीन एकत्र करून स्वतःची कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणांत भाग घेतले, आणि मगरपट्टा हें नगर स्वतः वसविलें. जमीन विकून टाकण्याऐवजीं त्यांनीं तिच्या उत्पन्नाची मालकी आपल्याकडे ठेविली.

या दोन्ही उदाहरणांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. साडेबारा टक्क्यांतील पुष्कळ भूखंड हातीं येण्यापूर्वींच शेतकऱ्यांनीं बांधकामवाल्यांस लिहून दिले. पिंपरी-चिंचवड येथें 1972 सालीं स्थापन झालेल्या नवनगर प्राधिकरणाच्या क्षेत्रांत तर मूळ मालकांच्या परताव्याचा प्रश्न अनेक दशकें रेंगाळला. ज्यांनीं जमिनी दिल्या त्यांपैकीं कित्येक तो पाहण्यास राहिले नाहींत. आणि मगरपट्ट्याची जमीन शहरास लागून होती, पुष्कळशी एकाच भावकींतली होती. डोंगरकडेच्या तुकड्यातुकड्यांच्या जमिनीस तीच रीत जशीच्या तशी लागू पडेल असें नाहीं. तथापि तत्त्व सिद्ध झालें आहे : शेतकऱ्यास वांटा देतां येतो, व तो दिल्यानें कोणाचा धंदा बुडत नाहीं.

शेतकऱ्यास कंपनीचा कारभार काय कळतो, असा टोमणा कांहीं शहाणे मारतात. त्यांस आमचें उत्तर प्रवरानगरचें आहे. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनीं शेतकऱ्यांचे भाग गोळा करून सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हांही असेंच बोलणें ऐकूं येत होतें. आज हिंजवडीपासून जवळच कासारसाई-दारुंब्रे येथें श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. सहकारी कारखान्यांत भानगडी झाल्या नाहींत असें नाहीं. परंतु उसाचा सभासद वार्षिक सभेंत उठून हिशोब विचारूं शकतो. मोटारीच्या कारखान्यास जमीन दिलेल्या शेतकऱ्यास विचारावयास सभाच नाहीं.

म्हणून सरकारापाशीं आमची मागणी स्पष्ट आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या 102 व्या कलमांत असें आहे कीं, संपादन केलेली जमीन कोणताही विकास न करतां पांच वर्षांचे आंत अधिक किंमतीस दुसऱ्यास दिली, तर वाढीव किंमतीचा शेंकडा 40 भाग मूळ मालकांत वांटावा. वाढीवर मूळ मालकाचा हक्क आहे हें तत्त्व यांत कायद्यानेंच मान्य केलें आहे. त्यास पांच वर्षांची व विकास न केल्याची अट कां असावी ? औद्योगिक क्षेत्रांतील कोणताही भूखंड एका कंपनीकडून दुसरीकडे जाईल तेव्हां महामंडळास मिळणाऱ्या हस्तांतरण शुल्काचा ठराविक भाग त्या गांवच्या मूळ खातेदारांच्या संस्थेस द्यावा. तसेंच प्रत्येक नव्या औद्योगिक क्षेत्रांत कांहीं भूखंड अशा संस्थेस भाडेपट्ट्यानें राखून ठेवावे. त्यांवर संस्थेनें लहान गाळे बांधून वर्कशॉपवाल्यांस भाड्यानें द्यावे व भाडें जमिनीच्या प्रमाणांत सभासदांत वांटावें. यांत कारखानदारावर नवा बोजा पडत नाहीं, आणि कारखाना बदलला तरी शेतकऱ्याचा धागा तुटत नाहीं.

परंतु सरकार देईल तेव्हां देईल. आपल्या हातीं जें आहे तें आपण आजच करावें. पहिलें, दप्तर साफ ठेवावें. आजोबाच्या नांवची वारस नोंद राहिली, भावांचें सामाईक खातें फुटलें नाहीं, बहिणींचें नांव दडविलें, अशा खात्यांचा मोबदला वर्षानुवर्षें न्यायालयांत अडकून पडलेला आम्हीं पाहिला आहे. बहिणीचा हक्क कायद्यानें सिद्ध आहे. तो आधींच मान्य करणें यांतच घराचें हित आहे. विहीर, पाइपलाइन, फळझाडें यांची नोंद मोजणीपूर्वीं झालेली असावी, आणि पीक पाहणी स्वतः वेळेवर करावी. जिराईत लिहिलेल्या बागाइतीस नंतर कोणी बागाईत म्हणत नाहीं.

दुसरें, बोलणीं एकत्र करावीं. औद्योगिक विकासाच्या कायद्यांत 32 व्या कलमाखालीं खातेदारास नोटीस देऊन त्याचें म्हणणें ऐकण्याची, व 33 व्या कलमांत मोबदला परस्पर संमतीनें ठरविण्याची सोय आहे. पण संमति देण्यास एकेकटा गेलेला खातेदार दुबळा असतो. गांवानें आधीं सभा भरवून, एखाद्या जाणत्या वकिलाचा सल्ला घेऊन, सर्वांनीं एकच मागणी लेखी द्यावी. आमच्या शेतकरी मंडळानें याकामीं पुढाकार घ्यावा असें आम्हांस वाटतें.

तिसरें, आलेल्या रकमेचे तीन भाग करावे : एक भाग दुसरीकडे जमीन घेण्याकडे, एक भाग व्याज अथवा भाडें देईल अशा कायम ठेवींत, आणि एक भाग घरांतील मुलामुलींस हुन्नर देण्याकडे. देणीं व लग्नकार्यें यांतून जें वांचेल त्यांत भागवावीं. औंधच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणीं शिकून निघालेला मुलगा, किंवा हिंजवडीच्या कचेरींत मोटारीचे आराखडे करूं शकेल अशी मुलगी, या दोघांस स्थानिक म्हणून दया मागावी लागत नाहीं.

चैत्री पुनवेस हिंजवडीकर व वाकडकर म्हातोबाचें बगाड ओढतात. तें लांकूड एकट्याच्यानें हालत नाहीं. सर्वांचे खांदे लागले म्हणजेच जागचें सुटतें. जमिनीच्या सौद्यासही हीच गोष्ट लागू आहे. मोटारींचा धंदा वाढो, नवे कारखाने येवोत, आमची त्यास हरकत नाहीं. ते आपल्या शिवारांत येतील तेव्हां शेतकऱ्यानें दारांत हात जोडून उभें न राहतां हिशोबाची वही घेऊन बसावें, एवढेंच आमचें सांगणें. सुज्ञांस अधिक लिहिणें नलगे.